लेक पाण्याखाली, आम्ही बोटीवर

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी आम्हा दोघांना मिळून बोलायला सांगितलं. आमच्यातला एक बोलू लागला की दुसरा मध्येच दुरुस्ती करतो, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून घरीच भांडून मजकूर लिहून आणला आहे. यात ‘आम्ही’ म्हणजे दोघं. भीती कोणाला जास्त वाटली, हे मात्र कृपा करून विचारू नका. त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

विषय आहे समुद्राच्या तळाशी पडलेल्या एका जहाजापर्यंत जाऊन येण्याचा. गेलो आम्ही नाही. गेली आमची धाकटी. आम्ही वर बोटीत बसलो होतो. तेव्हा खाली काय दिसतं ते ऐकायला जे आले असतील त्यांची थोडी निराशा होईल. वर बसलेल्यांना काय दिसतं, तेवढंच आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आपण आदिलाबादची माणसं. आपलं पाणी म्हणजे पैनगंगा, सातनाला आणि घरामागची विहीर. आजोबांच्या काळी हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो. पण समुद्र काही कोणाच्याच वाट्याला आला नाही. आमच्या घरात समुद्राचा उल्लेख झालाच तर तो ‘रामदास’च्या निमित्ताने. आमच्या एका आत्याचं सासर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. गटारी अमावास्येसाठी घरी निघालेली साधी माणसं होती ती. स्वातंत्र्याला महिनासुद्धा राहिला नव्हता. आत्या ती गोष्ट दर आषाढात सांगायची. त्यामुळे बोट म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आधी बुडणारी बोट येते, मग तरंगणारी.

अशा घरातल्या मुलीने पाण्याखाली जाण्याचा छंद धरला. नोकरीनिमित्त बंगळुरूला असताना मैत्रिणींबरोबर मालवणला गेली, तारकर्लीला पाण्याखाली डोकं घातलं आणि तिथेच अडकली. हौसेचं स्कूबा आम्हाला चालत होतं. टीव्हीवर बघितलं होतं. मासे, प्रवाळ, दहा-बारा मीटर, अर्धा तास आणि वर. पण त्यापुढे ‘टेक्निकल डायव्हिंग’ नावाचा प्रकार असतो, आणि आमची मुलगी दोन वर्षं तो शिकत होती, हे आम्हाला तिने सांगितलं नव्हतं. फोनवर विचारलं की “पोहायला गेले होते” एवढंच उत्तर. मग तिच्या एका मैत्रिणीने चुकून एक फोटो पाठवला. पाठीवर दोन सिलिंडर, दोन्ही कुशींना दोन, चेहरा ओळखू येत नाही, फक्त कपाळावरची जखमेची खूण आमची.

घरात बरेच दिवस अबोला होता. आम्ही तिला स्पष्ट सांगितलं, हे बंद कर. ती म्हणाली, “एकदा येऊन बघा. बघून मग बंद कर म्हणा, मी ऐकेन.” हा सौदा आम्ही मान्य केला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा वाटलं असेल की एकदा बघितल्यावर नाही म्हणणं सोपं जाईल.

तर त्या सौद्यापोटी गेल्या वैशाखात आम्ही कृष्णा एक्स्प्रेसने तिरुपतीला, तिथून चेन्नईला, चेन्नईहून विमानाने कोलंबोला आणि तिथून रेल्वेने श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआला पोहोचलो. लाडू आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. चटणी कस्टमवाल्यांनी उघडून वास घेऊन परत दिली.

बट्टिकलोआच कशाला, असं आम्हीही विचारलं होतं. तिथल्या समुद्रात ‘एचएमएस हर्मीस’ पडली आहे. विमानवाहू म्हणूनच जिचा आराखडा पहिल्यांदा केला गेला, अशी ती ब्रिटिश नौका. १९१९ साली पाण्यात उतरली, पण बांधकाम इतकं रेंगाळलं की जपानची ‘होशो’ तिच्या आधी पुरी होऊन कामाला लागली. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी तिला गाठलं. गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर, त्या दिवशी विमानवाहू नौकेवर एकही विमान नव्हतं. तिची विमानं त्रिंकोमालीला जमिनीवर राहिली होती. बॉम्ब पडू लागल्यावर काही मिनिटांत ती बुडाली. बरोबरची ऑस्ट्रेलियन विनाशिका ‘व्हॅम्पायर’ही गेली. दोन्ही मिळून तीनशेच्या वर माणसं मेली. जवळून जाणाऱ्या ‘व्हिटा’ नावाच्या इस्पितळ-जहाजाने सुमारे सहाशे जणांना पाण्यातून काढलं. त्याच मोहिमेतल्या जपानी विमानांनी तीन दिवस आधी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले होते. म्हणजे ही लढाई आपल्यापासून फार लांबची नव्हती.

हर्मीस हे नाव मराठी माणसाला दुसऱ्या वाटेने माहीत आहे. तेच नाव ब्रिटिशांनी पुढे एका नव्या विमानवाहू नौकेला दिलं. ती फॉकलंडच्या युद्धात लढली आणि १९८७ साली आपल्या नौदलात आली, ती ‘आयएनएस विराट’. ही विराट २०१७ मध्ये निवृत्त झाल्यावर तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ ठेवून संग्रहालय आणि डायव्हिंगचं केंद्र करायचं, असा ८५२ कोटींचा प्रस्ताव महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली मंजूरही केला होता. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. विराट अलंगला भंगारात गेली. आता त्याच निवतीजवळ ‘गुलदार’ या निवृत्त नौकेसाठी तसाच, आकाराने लहान, प्रकल्प हाती घेतला आहे. धाकटी म्हणते, “एक हर्मीस आपण तोडून विकली, म्हणून दुसरी बघायला परदेशी जावं लागतं.” आम्हाला तिचं हे बोलणं जरा टोचलं. पण चुकीचं म्हणता येईना.

हर्मीस डाव्या कुशीवर पडलेली आहे. तळ साधारण ५३ मीटरवर. ५३ मीटर म्हणजे किती? आपला कुंटाल्याचा धबधबा ४५ मीटरचा. पावसाळ्यात वर उभं राहून खाली बघताना जे पोटात होतं, तेवढी उंची पाण्याने भरलेली, त्यावर आणखी दोन मजले, आणि त्याच्या तळाशी आपली मुलगी.

आता थोडं शास्त्र. आमच्यातल्या एकाने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून हा भाग सहन करा.

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. ५३ मीटरवर आपल्या इथल्या सव्वासहा पट. तिथे घेतलेल्या एका श्वासात इथल्या सहा श्वासांइतकी हवा जाते, म्हणून सिलिंडर सहापट लवकर रिकामा होतो. पण खरी अडचण ती नाही. हवेतला नायट्रोजन दाबाखाली दोन उपद्रव करतो. एक, तो डोक्यात चढतो. मोहाची पहिल्या धारेची घेतल्यासारखं होतं, माणूस उगीच खूश होतो आणि घड्याळाकडे बघायचं विसरतो. दुसरा, तो रक्तात आणि चरबीत विरघळून बसतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आहे तोवर पाणी शांत दिसतं. गोटी दाबली की फसफस. माणूस खालून एकदम वर आला तर त्याच्या अंगात तीच फसफस होते. सांधे, पाठीचा कणा, मेंदू, कुठेही बुडबुडा अडकतो. माणूस लुळा पडू शकतो, मरूही शकतो.

यावर तोड काढली ती जे. एस. हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने, १९०८ साली. शेळ्यांना दाबाच्या पेटीत ठेवून त्याने हिशेब मांडला की टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर आलं तर वायू गुपचूप श्वासावाटे निघून जातो. आज मनगटावरचा संगणक तोच हिशेब पुढे नेतो, सुधारून. ज्या शेळ्यांच्या जिवावर हे सगळं उभं आहे त्यांचं नाव कोणी घेत नाही, म्हणून आम्ही घेतलं.

डोक्यात चढण्यावर उपाय वेगळा. हवेतला बराचसा नायट्रोजन काढून त्या जागी हेलियम घालायचा. धाकटीच्या पाठीवरच्या सिलिंडरांत १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन होता. त्यामुळे ५३ मीटरवर डोकं वीस मीटरवर असल्याइतकंच शाबूत राहतं. ऑक्सिजनही मुद्दाम कमी, कारण खोलवर जास्त ऑक्सिजन विषारी होतो, झटके येतात. आणि कुशीतले दोन सिलिंडर परतीच्या वाटेसाठी. एकात निम्मा ऑक्सिजन, तो २१ मीटरपासून वर घ्यायचा. दुसऱ्यात निव्वळ ऑक्सिजन, तो सहा मीटरवरच. चुकून खाली तोंडात घातला तर तोच जीव घेतो. चार सिलिंडर, तीन मिश्रणं, प्रत्येकाची जागा ठरलेली.

आदल्या संध्याकाळी आम्ही तिला हे सिलिंडर तपासताना बघितलं. मिश्रण भरून देणाऱ्याने चिठ्ठी लावून दिलीच होती. तरी तिने स्वतःचं यंत्र लावून प्रत्येकातला ऑक्सिजन आणि हेलियम मोजला, पट्टीवर टक्केवारी, जास्तीत जास्त खोली, तारीख आणि स्वतःची सही केली. तिच्या दोन्ही साथीदारांनीही तेच. आमच्यातला दुसरा कापसाच्या आडतीवर हिशेब लिहीत आला आहे. त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्या यार्डात कापसाच्या गाडीवर ओलावा मोजण्यावरून किती भांडणं होतात! आठ टक्के की बारा, त्यावर शेतकऱ्याच्या वर्षाचा भाव ठरतो. व्यापाऱ्याचं यंत्र वेगळं दाखवतं, शेतकऱ्याचा हात वेगळं सांगतो. धाकटी म्हणाली, “इथे भांडायला दुसरी बाजू नसते बाबा. चुकीचा आकडा मीच श्वासात घेणार.”

पहिल्या दिवशी पहाटे बोट निघाली. तिघं जण उतरणार होते. आमची, एक पुण्याचा मुलगा आणि एक बंगळुरूची मुलगी. अंगावरचं ओझं पन्नास किलोच्या वर, त्यामुळे बोटीच्या कडेवर बसवून दोघा माणसांनी त्यांना अक्षरशः ओतलं. आम्ही घड्याळ लावलं. सातव्या मिनिटाला तिघंही वर!

काही झालं नव्हतं. बारा मीटरवर पुण्याच्या मुलाने आंगठा वर केला होता. आपल्याकडे आंगठा वर म्हणजे झकास. पाण्याखाली त्याचा अर्थ, चला, संपलं, वर. बाकीच्या दोघींनी तोच आंगठा दाखवून उत्तर दिलं आणि सगळे वळले. बोटीत आल्यावर त्याला कोणी विचारलं नाही की का. आम्ही वाट बघत होतो, आता विचारतील, मग विचारतील. त्यांनी लाडू खाल्ले आणि परत निघाले.

रात्री आम्ही धाकटीला म्हटलं, अगं इतका खर्च, हेलियम किती महाग, हजारो मैल येऊन सात मिनिटं? कारण तरी विचारायचं! ती चिडली. तिचं म्हणणं असं, की कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने उडी मोडू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम आहे. कारण विचारलं की पुढच्या वेळी माणूस कारण सापडेपर्यंत थांबतो. तेवढ्यात उशीर होतो. “तुम्ही मला घरी प्रत्येक गोष्टीचं कारण विचारलंत, म्हणून मी दोन वर्षं सांगितलं नाही.” हे शेवटचं वाक्य भाषणात घ्यावं की नाही यावर आमचं बरंच झालं. घेतलं.

दुसऱ्या दिवशी समुद्र जरा शांत होता. योजना बोटीवर पाटीवर लिहिलेली. तळाशी पंचवीस मिनिटं, मग थांबे, एकूण पंचाहत्तर मिनिटं. तिसाव्या मिनिटाच्या सुमारास खालून एक नारिंगी फुगा सोडतील, लांबट, माणसाच्या उंचीचा. तो दोरीने त्यांच्याशी बांधलेला. फुगा दिसला की ते वर यायला लागले असं समजायचं आणि बोटीने त्याच्या मागे मागे जायचं, कारण प्रवाह त्यांना वाहवत नेणार. नारिंगी म्हणजे ठीक. पिवळा फुगा आला तर अडचण. हे सगळं आम्हाला आदल्या रात्री पाठ करून घेतलं होतं, शाळेसारखं.

ते गेले. पाण्यावर थोडे बुडबुडे दिसले, मग लाटांत तेही दिसेनात. खाली दोनशे यार्ड लांबीचं जहाज, त्यात मेलेल्यांची थडगी. तिथे हात लावायचा नाही, आत शिरायचं नाही, काही उचलायचं नाही, हे त्यांनी आपसांत ठरवलेलं. ते आम्हाला बरं वाटलं होतं. ‘रामदास’च्या जागेवरून जाताना आत्या पाण्यात फूल टाकायची. आमच्या खिशात फूल नव्हतं, प्रसादाची साखर होती, ती टाकली.

तीस मिनिटं झाली. फुगा नाही. एकतीस. बत्तीस. तीन मिनिटं किती लांब असतात ते गणिताच्या पुस्तकात नसतं. तेहतिसाव्या मिनिटाला आमच्या कल्पनेपेक्षा फार लांब, उजव्या हाताला, नारिंगी टोक वर आलं. बोटवाला हसला आणि इंजिन सुरू केलं. तो तमिळ बोलणारा वयस्क कोळी. आम्ही त्याला तेलुगूत विचारलं, “एन्नि निमिषालु?” त्याला बाकी काही कळलं नाही, पण निमिष कळलं. “नाप्पदु निमिडम,” म्हणाला आणि चार बोटं दाखवली. चाळीस. मराठीत निमिष, तेलुगूत निमिषालु, तमिळमध्ये निमिडम. भीतीच्या वेळी भाषा कशा जवळ येतात बघा.

आणि मग सुरू झालं ते, ज्यासाठी आम्ही आज उभे आहोत. फुगा आमच्यापासून पंधरा हातांवर. त्याखाली आमची मुलगी. आधी २१ मीटरवर, मग १८, १५, १२, ९. तिथे थोडी थोडी मिनिटं. पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास ती सहा मीटरवर आली असणार आणि तिथे तिला जवळजवळ अर्धा तास थांबायचं होतं. सहा मीटर! आमच्या घरामागची विहीर याहून खोल आहे. गच्चीवरून अंगणात बोलावं इतकं अंतर. पाणी इतकं स्वच्छ की आम्हाला तीन सावल्या दिसत होत्या, आडव्या, हलत नसलेल्या. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटत होतं. आणि तरी तिला वर येता येत नव्हतं. डोक्यावर छप्पर नाही, झाकण नाही, फक्त प्रकाश आहे. पण तिच्या रक्तात ते छप्पर आहे. वर आली तर गोटी सोडा.

बावन्नाव्या मिनिटाला पाण्यातून पिवळा फुगा वर आला.

आमच्यापैकी एक उठून उभा राहिला आणि ओरडू लागला, त्यांना वर घ्या, त्यांना वर घ्या. मराठीत. दुसऱ्याने देवाचं नाव घेतलं असं तो म्हणतो, पहिल्याला ते ऐकू आलं नाही. बोटवाल्याने हाताने खाली बसा अशी खूण केली. रागाने नाही, पण दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही अशी. पिवळ्या फुग्याच्या दोरीला एक पांढरी पाटी होती. बोटीवरचा मदतनीस डायव्हर आधीपासूनच अर्धा पोशाख घालून बसलेला. त्याने पाटी वाचली, ऑक्सिजनचा जादाचा सिलिंडर दोरीला अडकवला आणि त्याच्याबरोबर पाण्यात गेला. हे सगळं कोणीही घाई न करता झालं. आम्हाला त्या शांतपणाचाच राग आला.

चार मिनिटांनी मदतनीस वर आला आणि हात डोक्यावर टेकवून मोठा गोल केला. ती खूण पाठ करून घेतलेली होती, तीन वेळा. सगळं ठीक. मग त्याने तीन बोटं दाखवली. तिघंही.

झालं होतं ते असं. पुण्याच्या मुलाच्या ऑक्सिजनचा रेग्युलेटर सहा मीटरवर बिघडला आणि वायू फसाफसा बाहेर पडू लागला. त्याने तोटी बंद करेपर्यंत सिलिंडर जवळपास रिकामा. आमच्या धाकटीने आपला रेग्युलेटर त्याला दिला आणि स्वतः अर्ध्या ऑक्सिजनच्या मिश्रणावर गेली. मग दोघं आळीपाळीने. बंगळुरूच्या मुलीने पिवळा फुगा सोडला. जादाचा सिलिंडर नसता तरी ते मरणार नव्हते. मिश्रण पुरेसं होतं, फक्त थांबा लांबला असता. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच माहीत होतं की पिवळं वर आलं आहे आणि आपली मुलगी सहा मीटरवर आहे आणि तिला हात धरून ओढणं हेच तिला मारणं आहे.

आईबाप म्हणून आपल्याला दुसरं काही येतच नाही हो. मूल पडलं की उचलायचं, रडलं की जवळ घ्यायचं. त्या दिवशी मदतीचा एकच प्रकार चालणार होता. सिलिंडर खाली पोचवायचा आणि वर गप्प बसायचं.

ठरल्यापेक्षा नऊ मिनिटं उशिरा, चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तिचं डोकं वर आलं. शेवटचे सहा मीटरही तिने किती हळू चढावे! तोंडातून रेग्युलेटर काढून तिने आधी बोटवाल्याला खूण केली, मग मदतनिसाला, मग आमच्याकडे बघितलं. आम्ही काही बोललो नाही. शिडीवर ओझं उतरवायला आम्ही हात लावला, तेवढाच. ओठ निळे पडले होते. गरम चहा दिला. ती म्हणाली, “जहाजाची तोफ दिसली. अजून वर रोखलेली आहे.” मग लाडू मागितला.

पुण्याच्या मुलाने रात्री आम्हाला नमस्कार केला. आम्हाला का, ते समजेना. त्याला विचारलं, काल तू आंगठा का दाखवलास? विचारायचं नसतं हे विसरून. तो म्हणाला, “काका, माहीत नाही. बरं वाटत नव्हतं.” त्याच्यावर आमचा पहिल्या दिवशीचा राग होता, सात मिनिटांसाठी. तो कुठे गेला कळलं नाही.

अशा उडीनंतर चोवीस तास तरी विमानात बसत नाहीत, वर दाब आणखी कमी होतो म्हणून. तेव्हा एक दिवस मोकळा मिळाला. बट्टिकलोआच्या खाडीकाठी आम्ही तिघं बसलो. तिने विचारलं नाही की आता काय ठरवलंत. आम्ही सांगितलं नाही. सौदा तिच्या लक्षात होता आणि आमच्याही.

परत आल्यावर शेजारपाजारचे विचारतात, बंद केलंत ना ते? नाही केलं. होकार दिला असंही नाही. तिने मात्र एक बदल केला. आता उडीच्या आधी फोन येतो, उडी झाल्यावर फोन येतो, आणि मोडली तर मोडली असा फोन येतो. कारण आम्ही विचारत नाही. एकदा ओठावर आलं होतं.

या वर्षी ती अनंत चतुर्दशीला इथे असणार आहे. मंडळाची मूर्ती दरवर्षीप्रमाणे पैनगंगेवर जाईल. श्रावण-भाद्रपदात तिथलं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तिने फोनवर विचारलं, काठावर दोर किती लांब असतो, ट्यूब किती, आणि पाण्यात न उतरता फक्त बघत उभा राहणारा माणूस कोण असतो? आम्हाला उत्तर देता आलं नाही. कार्यकारिणीत विचारून ठेवतो म्हटलं. अध्यक्ष समोरच बसले आहेत, म्हणून इथेच विचारतो. ट्रकच्या चार ट्यूब आम्ही देतो. दोर आणि माणूस मंडळाने बघावा.